हजर असून गैरहजर

परळमधल्या एखाद्या शाळेतला सातवीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. चौथा तास, गणिताचा. बाई फळ्यावर सरासरीचे उदाहरण सोडवून दाखवत आहेत. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा, त्याला आपण सुहास म्हणू, पहिली ओळ वहीत उतरवतो, दुसरी अर्धी लिहितो आणि त्याची पेन्सिल थांबते. मान ताठ, नजर समोर खिळलेली, पापण्या किंचित फडफडताहेत. आठ-दहा सेकंद असेच जातात. मग पेन्सिल पुन्हा चालू लागते; पण तोवर बाईंनी तिसरी ओळ लिहून पुसलेली असते.

“सुहास, अरे लक्ष कुठे आहे तुझे?” बाई विचारतात. सुहास गोंधळून बघत राहतो. वर्ग हसतो. हा प्रकार दिवसातून दहा-वीस वेळा होतो. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो : ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ घरी तो शेरा वाचल्यावर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको!

सुहास हा मी कल्पिलेला मुलगा आहे. पण अशी मुले-मुली खऱ्या वर्गांत असतात. ती खोड्या करत नाहीत, कंटाळलेलीही नसतात. त्या दहा सेकंदांत त्यांच्या मेंदूत एक विशिष्ट घटना घडते. बाहेरून ती दिसत नाही. मात्र कागदावर तिची रेघ उमटवता येते. त्यासाठी लागणारे यंत्र सुहासच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, परळच्या मोठ्या रुग्णालयांत आहे. मेंदूतल्या विजेचा आलेख काढणारे ते यंत्र. डॉक्टर त्या आलेखाला ‘ई. ई. जी.’ म्हणतात.

या तपासणीला येताना पाळायची पहिली सूचना मोठी घरगुती आहे : केस स्वच्छ धुऊन या, तेल लावू नका. आपल्याकडे मुलाला डॉक्टरकडे न्यायचे म्हणजे आई आधी डोक्यावर तेल थापून चापूनचोपून भांग पाडते. इथे तेच नडते. तेलाच्या थरातून वीज नीट जात नाही, आणि मोजायची वीज तर अगदी क्षीण असते. तंत्रज्ञ डोके फितीने मोजतात, ठरावीक जागा खुणेने नक्की करतात आणि त्यांवर एक प्रकारची खारट लुकण लावून धातूच्या वीस-एकवीस छोट्या वाट्या चिकटवतात. या वाट्यांना विद्युत्-अग्रे म्हणतात. त्यांच्या जागा जगभर सारख्याच असतात. १९५८ पासून ही पद्धत रूढ आहे. म्हणून परळला काढलेला आलेख लंडनचा डॉक्टरही वाचू शकतो. सुई टोचत नाहीत आणि बाहेरून वीज आतही सोडत नाहीत. वाटी फक्त ऐकते.

ऐकण्यासारखे असते तरी किती? विजेरीतला साधा सेल दीड व्होल्टचा असतो. डोक्याच्या कातडीवर पोचणारी मेंदूची वीज साधारण ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे त्या सेलच्या तीस हजाराव्या भागाइतकी. गुणाकार करून पाहा. हृदयाच्या आलेखातली वीजसुद्धा हिच्या वीसपट भरते. म्हणून विवर्धक लावून ती हजारो पटींनी वाढवावी लागते. अशा वेळी एखादी वाटी सैल झाली, की भिंतीतल्या तारांमधली दर सेकंदाला ५० आवर्तनांची वीज आत घुसते आणि मेंदूच्या रेघेऐवजी जाड, केसाळ पट्टा उमटतो.

पूर्वी हा आलेख शाईच्या लेखण्यांनी सरकत्या कागदावर निघत असे. कागदाचा वेग सेकंदाला तीन सेंटिमीटर. म्हणजे वीस मिनिटांच्या तपासणीला ३६ मीटर कागद! आज संगणकाच्या पडद्यावर रेघा सरकतात, पण एका वेळी दहा सेकंद पाहण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. सुहासच्या गैरहजेरीइतकेच ते अंतर, हा योगायोग.

आता एक अडचण पाहू. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि प्रत्येक पेशी शेजारणींशी विजेच्या व रसायनांच्या भाषेत बोलत असते. कातडीवरच्या एका वाटीखाली अशा लक्षावधी पेशी येतात. मग तिला नेमके काय ऐकू येते?

गणेशोत्सवात लालबागला गेला असाल तर याचे उत्तर तुम्हाला लवकर उमजेल. चिंचपोकळीच्या पुलावर उभे राहून खालच्या गर्दीचा आवाज ऐका. हजारो माणसे बोलत असतात : कोणी मुलाला हाक मारतो, कोणी रांगेची चौकशी करतो, कोणी फुगेवाल्याशी घासाघीस करतो. पुलावर पोचतो तो फक्त एकसारखा बारीक गलका. एकही शब्द ओळखू येत नाही, कारण एकाचा चढता आवाज दुसऱ्याच्या उतरत्या आवाजात बुडून जातो. तेवढ्यात आरती सुरू होते. माणसे तेवढीच, गळेही तेच. पण आता टाळ्या एका ठेक्यात पडतात आणि तो ठेका पुलावर स्पष्ट येतो. आवाज मोठा होतो आणि त्याला लय येते. पुलावरच्या माणसाला ‘आरती चालू झाली’ हे खात्रीने सांगता येते. मात्र त्या गर्दीत एखादी आजी नातीच्या कानात काय पुटपुटली, हे तो जन्मात सांगू शकणार नाही.

ई. ई. जी. ची वाटी म्हणजे तो पुलावरचा माणूस. पेशी आपापली वेगवेगळी कामे करत असल्या की रेघ बुटकी, वेगवान आणि वेडीवाकडी येते. पुष्कळ पेशी एकदम चढू-उतरू लागल्या की उंच, सावकाश आणि नियमित तरंग येतात. हे वाक्य लक्षात ठेवा. सुहासचे कोडे त्याच्यामुळेच सुटणार आहे.

मेंदूत वीज आहे हे लिव्हरपूलचे रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर तारा टेकवून दाखवले होते. माणसाचे डोके न उघडता ती टिपण्याचे काम जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने केले. त्यांच्या मागे लागलेला ध्यास मोठा चमत्कारिक होता. तरुणपणी लष्करी सेवेत असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचले. त्याच संध्याकाळी घरून तार आली : तू बरा आहेस ना? त्यांच्या बहिणीच्या मनाने अचानक धास्ती घेतली होती. एका मनातली भीती दुसऱ्या मनापर्यंत पोचते, तेव्हा मेंदूतून काही ऊर्जा बाहेर पडत असली पाहिजे, अशी त्यांची समजूत झाली. ती ऊर्जा शोधण्यात त्यांनी पुढची तीसेक वर्षे घालवली. १९२४ मध्ये त्यांना माणसाच्या मेंदूची पहिली नोंद मिळाली. परळचे के. ई. एम. रुग्णालय सुरू व्हायला तेव्हा दोन वर्षे बाकी होती. बर्गर इतके सावध, की आपलीच चूक होत असेल म्हणून त्यांनी आणखी पाच वर्षे नोंदी घेतल्या, त्यांतल्या पुष्कळ स्वतःच्या मुलाच्या, क्लाउसच्या, डोक्यावरून. १९२९ मध्ये त्यांनी निबंध छापला.

मनातला संदेश काही त्यांना सापडला नाही. सापडले ते असे : माणूस जागा आहे, स्वस्थ बसला आहे आणि डोळे मिटलेले आहेत, अशा वेळी डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला सुमारे दहा तरंग उमटतात. डोळे उघडले की ते नाहीसे होतात. बर्गर यांनी त्यांना ‘अल्फा’ हे नाव दिले. बऱ्याच शास्त्रज्ञांना हा यंत्राचा दोष वाटला. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून बर्गर बरोबर असल्याचे दाखवले. एड्रियन यांना नोबेल पारितोषिक आधीच मिळालेले होते, तरी वाट्या लावायला त्यांनी स्वतःचेच डोके पुढे केले! त्यांचे अल्फा तरंग डोळे मिटलेले असतानाही, मनातल्या मनात गणित करायला घेतले की मावळत.

सेकंदाला दहा म्हणजे किती जलद? पेन्सिल घ्या आणि दहा सेकंदांत कागदावर जमतील तितके ठिपके द्या. मित्राला घड्याळ पाहायला सांगा. मग ठिपके मोजा आणि दहाने भागा. बहुतेकांचे उत्तर पाच ते सात येईल. डोळे मिटून नुसते बसलेले असताना तुमच्या मेंदूचा मागचा भाग तुमच्या हातापेक्षा जलद ठेका धरतो.

तरंगांचे इतर वर्गही ठरलेले आहेत. अल्फा ८ ते १३, त्याहून जलद ते बीटा, साधारण ३० पर्यंत, त्यापलीकडचे गॅमा. सावकाश बाजूला ४ ते ८ थीटा आणि चारच्या खाली डेल्टा. ही नावे पाठ करण्याचा आग्रह मी धरणार नाही. तुम्ही झोपता तेव्हा मेंदू या जिन्यावरून कसा उतरतो ते पाहणे अधिक मौजेचे आहे. डोळे मिटलेत, अल्फा आला. गुंगी चढली, अल्फा विरून थीटा आला. झोप लागली, आणि मधूनच सेकंद-अर्ध्या सेकंदाचे, बारा-चौदाच्या वेगाचे झुबके दिसू लागतात. त्यांचा आकार सूतकताईच्या चातीसारखा, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता असतो. गाढ झोपेत डेल्टाच्या उंच, संथ लाटा येतात. गिरगाव चौपाटीवर ओहोटीच्या वेळी येतात तशा, एकामागून एक.

या लाटा म्हणजे विश्रांती आणि दुसरे काही नाही, असे पुष्कळ वर्षे मानले जाई. आता असे दिसते, की दिवसा शिकलेले पक्के करण्याचे काम बऱ्याच अंशी याच वेळी चालते. जर्मनीतल्या ल्युबेक येथील लिसा मार्शल आणि यान बॉर्न यांच्या गटाने २००६ मध्ये झोपलेल्या तरुणांच्या मेंदूतल्या संथ लाटांना बाहेरून, त्याच लयीतल्या क्षीण विजेने आधार दिला. झोपण्यापूर्वी पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या त्यांना सकाळी अधिक आठवल्या. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून इतिहासाचे सगळे धडे वाचणाऱ्यांनी यातून काय घ्यायचे ते घ्यावे.

जलद तरंगांचा अभ्यास आपल्या देशातही चालू आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुप्रतिम रे यांच्या प्रयोगशाळेत माणसांना पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची चित्रे दाखवतात आणि डोक्याच्या मागच्या भागात उठणारे गॅमा तरंग मोजतात. वय वाढते तसे हे तरंग क्षीण होतात, आणि स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्या वृद्धांत ते त्याच वयाच्या निरोगी वृद्धांपेक्षाही क्षीण आढळतात, असे त्यांना दिसून आले आहे.

आता सुहासला ई. ई. जी. च्या खोलीत बसवू. वाट्या लावून झाल्या. तंत्रज्ञ त्याच्या हातात कागदी भिरभिरे देतात आणि सांगतात, “हे फिरवत ठेव. थांबायचे नाही.” तो फुंकत राहतो. अशी तीन मिनिटे फुंकर घातली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि सुहाससारख्या मुलांत तो क्षण यंत्रासमोर येण्याचा संभव वाढतो. (हा प्रयोग तुम्ही घरी किंवा वर्गात करायचा नाही. तिथे डॉक्टर हाताशी असतात.)

दीड मिनिट होते आणि भिरभिरे मंदावून थांबते. सुहासची नजर खिळते. त्याच क्षणी सगळ्या रेघा, कपाळावरच्या, कानामागच्या, मानेवरच्या, एकदम उसळतात. एक टोकदार कळस, मागोमाग एक गोल लाट. पुन्हा कळस, पुन्हा लाट. मोजा : सेकंदाला तीन. दहा सेकंदांत तीस. मग जणू कोणी बटण दाबावे तशा सगळ्या रेघा पुन्हा बुटक्या, वेड्यावाकड्या होतात आणि भिरभिरे फिरू लागते.

हा आकृतिबंध बॉस्टनमधल्या गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी १९३५ मध्ये प्रथम वर्णिला. हा अपस्माराचा, म्हणजे आकडीचाच एक प्रकार आहे. अपस्मार म्हटले की जमिनीवर पडणे आणि हातपाय झाडणे आपल्या डोळ्यांसमोर येते. इथे त्यातले काही होत नाही. फक्त माणूस काही सेकंद नसतो. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचा भाग आहे. तो आणि मेंदूचा बाहेरचा थर यांच्यात सतत संदेशांची ये-जा चालते. झोपेतल्या त्या चातीसारख्या झुबक्यांचा ठेका याच फेरीतून येतो. सुहासच्या मेंदूत ही फेरी भर दिवसा, तो जागा असताना, तीनच्या ठेक्यात अडकते आणि सगळ्या मेंदूला त्या ठेक्यात ओढते. सगळी गर्दी एकच टाळी वाजवू लागली की बोलणार कोण? ऐकणे, आठवणे, दुसऱ्या ओळीवरून तिसरीकडे जाणे, ही कामे वेगवेगळ्या पेशींनी वेगवेगळ्या वेळी करायची असतात. ती सर्व त्या दहा सेकंदांपुरती बंद पडतात. चाणाक्ष तंत्रज्ञ याच वेळी मोठ्याने एखादा शब्द उच्चारतात, समजा ‘आंबा’. नंतर विचारले, तर मुलाला तो शब्द सांगता येत नाही.

शिक्षकांनो, आता थोडे तुमच्याशी. खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या प्रत्येक मुलाला ही व्याधी नसते. स्वप्नाळूपणा हा काही आजार नाही. स्वप्नात रमलेल्या मुलाला हाक मारली, खांद्याला हात लावला, की तो भानावर येतो. सुहास येत नाही. स्वप्नाळू मुलगा कंटाळवाण्या तासाला हरवतो. सुहास खेळताना, बोलताना, घास तोंडाशी नेताना, वाक्याच्या मधोमध थांबतो आणि तिथूनच पुढे चालू होतो. अशा वेळी घड्याळ पाहावे. किती सेकंद, दिवसातून किती वेळा, हाक ऐकू आली का, पापण्या हलत होत्या का, एवढे चार ओळींत लिहून चिठ्ठी पालकांना द्यावी. तज्ज्ञ डॉक्टरला ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्यापेक्षा या चार ओळी कितीतरी उपयोगी पडतात. हा प्रकार बहुधा चार ते दहा या वयात सुरू होतो, योग्य गोळ्यांनी बहुतेक मुलांचे झटके थांबतात आणि पुष्कळांना पुढे गोळ्यांचीही गरज उरत नाही.

अपस्मार किती जणांना असतो? मुंबईतल्या पारशी वसाहतींत डॉ. नादिर भरूचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन १४,०१० माणसांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. हजारामागे जवळजवळ पाच जणांना आयुष्यात कधी ना कधी अपस्मार झालेला आढळला. त्यात सर्व वयांची माणसे आणि सर्व प्रकारचे झटके आले, तेव्हा हा आकडा शाळेला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी मोठ्या शाळेत असे एखाद-दुसरे मूल असणारच, असे धरून चालावे.

ते मूल आपल्याला ठाऊक नसते, कारण घरचे लपवतात. लपवण्याला कारणही आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार झटके येणाऱ्या व्यक्तीचे लग्न रद्द ठरवता येण्याची तरतूद पुढे घातली गेली होती, तीही वेडाच्या झटक्यांच्या शेजारी, एकाच ओळीत! ‘अपस्मार’ हा शब्द तिथून १९९९ मध्ये गाळला गेला. लोकांच्या मनातून तो अजून गळायचा आहे. मोठी आकडी आलेल्या माणसाला आजही रस्त्यावर कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, मुठीत किल्ल्या कोंबतात. झटका दोन-तीन मिनिटांत बहुधा आपोआपच थांबतो आणि श्रेय कांद्याला जाते. अशा वेळी करायचे ते एवढेच : आजूबाजूच्या टणक वस्तू दूर सराव्यात, तोंडात काही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, झटका ओसरताच माणसाला कुशीवर वळवावे. पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णालय गाठावे.

यंत्राला इतके कळते, तर मनातले विचारही कळत असतील का? बर्गर यांचे जुने स्वप्न हेच होते. आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न थेट न्यायालयात गेला.

वर्तमानपत्रांनी ‘ब्रेन मॅपिंग’ म्हणून प्रसिद्ध केलेल्या चाचण्या तुम्ही ऐकल्या असतील. त्यांच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. अनोळखी चित्रांच्या मालिकेत अचानक ओळखीचे चित्र आले, की सुमारे तीन-दशांश सेकंदानंतर मेंदूच्या रेघेत एक लहानसा उंचवटा येतो. १९६५ पासून तो ठाऊक आहे. एका नोंदीत तो सहसा दिसत नाही, इतर गलक्यात बुडून जातो. मग तेच चित्र पुन्हापुन्हा दाखवून सगळ्या नोंदींची सरासरी काढतात. गलका कधी वर, कधी खाली असतो, म्हणून सरासरीत तो कटत जातो. उंचवटा दर वेळी त्याच ठिकाणी येतो, म्हणून टिकतो. शंभर नोंदींची सरासरी काढली तर गलका दहाव्या हिश्शावर येतो. बाईंच्या फळ्यावरची सरासरी कुठे उपयोगी पडते, पाहा!

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञान संस्थेत पूर्वी काम केलेले चं. रा. मुकुंदन यांनी आणखी पुढची पायरी सांगितली. आरोपीने डोळे मिटून गप्प बसायचे. त्याला ‘मी त्या खोलीत गेलो’ अशा धर्तीची वाक्ये ऐकवायची. ज्या गोष्टीचा त्याने स्वतः अनुभव घेतला असेल, तिथे त्याचे तरंग वेगळे दिसतील, असा दावा होता. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषी ठरवताना या चाचणीचाही आधार घेतला. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. त्याच वर्षी डॉ. डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने, ही पद्धत शास्त्रीय कसोटीला उतरलेली नसल्याने न्यायालयात पुरावा म्हणून वापरू नये, असे मत दिले.

आक्षेप काय होता, ते आपल्या पुलावरून पुन्हा समजून घेऊ. गर्दीचा आवाज अचानक चढला, एवढे तुम्हाला कळले. पण मूर्ती दिसली म्हणून चढला, पाऊस आला म्हणून, की कोणी चेंगरले म्हणून? मेंदूचेही तसेच आहे. एखादा सुरा ओळखीचा वाटला, तर तो हातात धरला होता म्हणून, की वर्तमानपत्रात त्याचा फोटो पाहिला होता म्हणून? पोलिसांनी आठ दिवस तोच प्रश्न विचारल्यावर ते वाक्य कोणाला ओळखीचे वाटणार नाही? शिवाय आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वही नव्हे. दर वेळी आठवताना मेंदू ती थोडी नव्याने लिहितो, आणि ऐकीव गोष्टही कधी कधी आपल्याच अनुभवासारखी वाटू लागते.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मुख्य न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या खंडपीठाने, याबाबत निकाल दिला. कोणाही माणसाच्या इच्छेविरुद्ध त्याच्यावर अशी चाचणी करता येणार नाही. त्याने संमती दिली, तरी चाचणीचा निष्कर्ष हाच पुरावा म्हणून चालणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करू नये, असे राज्यघटनेचे विसावे कलम सांगते. डोक्यावर वाट्या चिकटवून तीच सक्ती मागच्या दाराने आणता येत नाही, असा या निकालाचा अर्थ.

ज्या यंत्राने सुहासची बाजू इतक्या स्पष्टपणे मांडली, तेच इथे अडखळले. पण सुहासच्या बाबतीत तरी त्याने काय सांगितले होते? अमुक वाजता, दहा सेकंद, सगळा मेंदू एका ठेक्यात होता, एवढेच. सुहासला गणित आवडते की नाही, बाईंचा राग येतो की नाही, यातले एक अक्षरही त्या रेघेत नाही. ते त्यालाच विचारावे लागते.

गोळ्या सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले, की वर्गात त्याची वही उघडून पाहा. सरासरीचे जुने उदाहरण तिथे असेल : पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि मग एकदम चौथी. बाईंना तो कदाचित आता विचारेल, “बाई, मधली ओळ तुम्ही कधी लिहिली होती?”